किती गुणांनी हरले, एवढं तरी सांगा

2 फेब्रुवारी 2025. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेतली गादी विभागाची अंतिम लढत. पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केलं असा निर्णय पंचांनी दिला. राक्षेचं म्हणणं होतं की माझे दोन्ही खांदे टेकलेलेच नाहीत, व्हिडिओ पाहा. ती मागणी मान्य झाली नाही. मग राक्षेने पंचाची कॉलर धरली आणि लाथ घातली. त्यानंतर किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांच्या निर्णयावर चिडला आणि शेवटचे काही सेकंद उरलेले असताना मैदान सोडून गेला. दोन्ही पैलवानांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. पुढे चौकशी समिती बसली, पंचावरही कारवाई झाल्याच्या बातम्या आल्या. किताब मात्र होता तिथेच राहिला.

महाराष्ट्रभर चर्चा झाली ती त्या लाथेची. आमच्या टिटवाळ्याच्या अभ्यासिकेतही आठवडाभर तेच चाललं होतं. लाथ चूकच. पंचावर हात किंवा पाय उचलणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. बाबासाहेबांनी आपल्याला तो रस्ता शिकवलेला नाही. पण लाथेचा निषेध करून झाला की विषय संपला, असं सगळ्यांनी धरून चालावं हे आम्हाला पटत नाही. खांदे टेकले होते की नव्हते? ज्याने ते ठरवलं त्याने ते कशावरून ठरवलं? त्याची नोंद कुठे आहे आणि ती कोण तपासू शकतं? या प्रश्नांना लाथ मारता येत नाही, म्हणून कदाचित त्यांची बातमी होत नसावी.

हा प्रश्न आम्हाला आता घरचा झाला आहे, कारण आमच्या वस्तीतली पोरं गेल्या काही वर्षांत बॉक्सिंगमध्ये उतरली आहेत. टिटवाळा म्हटलं की लोकांना महागणपती आठवतो, अंगारकीची गर्दी आठवते. स्टेशनपासून लांब, काळू नदीच्या अंगाला ज्या वस्त्या आहेत तिथली पोरं पहाटेची लोकल धरून कल्याणच्या पुढे सरावाला जातात, हे फारसं कुणाला माहीत नसतं. हातमोजे एकमेकांत वाटून वापरतात. बॉक्सिंगच का? क्रिकेटला किट लागतं, पोहायला तलाव लागतो. बॉक्सिंगला दोन हात आणि शिकवणारा एक माणूस मिळाला की निदान सुरुवात तरी होते.

आणि या पोरांच्या डोळ्यांपुढे नुसतं पदक नसतं. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. म्हणजे जिल्ह्याच्या रिंगमध्ये कुणाचा हात वर केला जातो यावर कुणाची पोलीस भरती, कुणाचं कॉलेज अवलंबून असतं. याच वाटेत ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बोगस प्रमाणपत्रं काढून नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं याच महाराष्ट्रात उघड झाली आहेत. एकीकडे न खेळता प्रमाणपत्र, दुसरीकडे खेळूनही हातात काही नाही.

बॉक्सिंगमध्ये निकाल लागतो कसा, ते आधी नीट समजून घेऊ. रिंगमध्ये जो फिरतो तो पंच. तो नियम पाळायला लावतो, मोजणी करतो, ताकीद देतो. गुण देत नाही. गुण देतात ते रिंगच्या कडेला बसलेले जज. मोठ्या स्पर्धांत ते पाच असतात. प्रत्येक फेरीत जो सरस ठरला त्याला 10, दुसऱ्याला 9 किंवा त्याहून कमी. सरस कोण, ते पाहायचं ते लक्ष्यभागावर बसलेल्या दर्जेदार ठोशांवरून, लढतीवरच्या वर्चस्वावरून, तंत्र आणि डावपेचांवरून. प्रत्येक जज आपापली बेरीज स्वतंत्रपणे करतो. पाचपैकी तिघांच्या कागदावर जो पुढे, तो जिंकला.

आता टोकियो ऑलिंपिक घ्या. 29 जुलै 2021, मेरी कोम विरुद्ध कोलंबियाची इंग्रिट व्हॅलेन्सिया. पहिली फेरी मेरी 1-4 ने हरली. दुसरी 3-2 ने जिंकली, तिसरीही 3-2 ने जिंकली. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकूनही निकालात 2-3 ने हरली. अनेकांनी लगेच 'चीटिंग' म्हणून आरोळी ठोकली. पण प्रत्येक जजची बेरीज वेगळी मांडून पाहिली की गणित जमतं: पहिल्या फेरीत जे चार जज विरुद्ध गेले, त्यांतल्या कुणी पुढच्या एखाद्या फेरीतही विरुद्ध गुण दिले की त्याच्या कागदावर ती मागेच राहते. निकाल बरोबर होता की चूक, यावर वाद घालता येईल. पण तो वाद घालता येतो याचं कारण काय? प्रत्येक फेरीचे आकडे सगळ्या जगासमोर होते. मेरीची खरी तक्रार वेगळी होती आणि ती रास्त होती: तिथे निकालाविरुद्ध दाद मागायची सोयच ठेवलेली नव्हती.

त्याआधी 2019 च्या जागतिक स्पर्धेत, उलान-उदेला, ती उपांत्य फेरीत 4-1 ने हरली. भारताने निकालाला आव्हान दिलं. उत्तर आलं की नियमानुसार आव्हान फक्त 3-2 किंवा 3-1 अशा निकालाला देता येतं. आम्ही हा नियम वाचला तेव्हा अभ्यासिकेतला एक पोरगा म्हणाला, "म्हणजे दोघा-तिघांनी चूक केली तर तक्रार ऐकतील, चौघांनी मिळून केली तर नाही?" त्याला उत्तर द्यायला आमच्याकडे काही नव्हतं.

आता आमच्या पोरीचं सांगतो. नाव लिहीत नाही, तिला अजून खेळायचं आहे. वडील नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम करतात, आई धुणीभांडी करते. एका निवड चाचणीत ती उतरली. कुठली, कुणाची, तेही सांगत नाही. आम्ही पाच-सहा जण पाहायला गेलो होतो. तीन फेऱ्या झाल्या, तीन जज बसले होते. समोरच्या मुलीचा हात वर झाला. आमची पोरगी रडली नाही. ती खाली उतरली, आम्हाला म्हणाली, "दादा, मी किती पॉइंटने हरले?"

तिच्या सरांना माहीत नव्हतं. टेबलावर विचारलं तर म्हणाले, निकाल जाहीर झालाय, आता काय? आम्ही म्हणालो, निकाल मान्य आहे, गुणपत्रक दाखवा, पोरीला कळू दे कुठल्या फेरीत कमी पडली. यावर एक गृहस्थ म्हणाले, "तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत वाद काढता." 'तुम्ही लोक' हे दोन शब्द आपल्याला काही नवीन नाहीत. सरांनी आम्हाला हळूच बाजूला घेतलं. म्हणाले, "जास्त बोलू नका. पुढच्या वेळी याच लोकांसमोर मला बाकीची पोरं उतरवायची आहेत." सरांचा राग आला नाही. पोटापाण्याची, पोरांच्या भविष्याची भीती दाखवून माणसाला गप्प बसवता येतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्या दिवशी जातीवरून अन्याय झाला का? आम्ही तसं म्हणत नाही. समोरची मुलगीही चांगली खेळली. पहिली फेरी तिची होती, असं आमच्यातल्याच दोघांचं मत आहे. कदाचित निकाल शंभर टक्के बरोबर असेल. आमचा मुद्दा त्याच्याही आधीचा आहे. कागद दाखवायचाच नसेल तर भेदभाव झाला हे सिद्ध करता येत नाही आणि झाला नाही हेही सिद्ध होत नाही. प्रामाणिक जजलाही आपला प्रामाणिकपणा दाखवायची जागा उरत नाही. आणि आपल्या पोरांनी आयुष्यभर संशय घेऊन जगायचं. चांगलं खेळूनही हरलो तर जातीमुळे, जिंकलो तर समोरचा म्हणणार कोट्यामुळे.

जानेवारी 2023 ला पुण्यात हेच घडलं होतं. महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड. महेंद्रने मारलेल्या बाहेरच्या टांगेला चार गुण दिले गेले आणि सिकंदर हरला. सिकंदर मोहोळ तालुक्यातला, हमालाचा मुलगा, कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडलेला. तो मुसलमान आहे म्हणून हरवलं, असं अर्धा महाराष्ट्र म्हणाला. बाकीचा अर्धा म्हणाला की तुम्ही खेळात धर्म आणता. पंचाला फोनवरून धमकी दिल्याची तक्रार पोलिसांत गेली. या सगळ्या गदारोळात चार गुण का दिले, डाव किती पूर्ण झाला होता, एवढंच शांतपणे, व्हिडिओची एकेक चौकट दाखवून, कुणी जबाबदार माणसाने लोकांसमोर मांडलं असतं तर? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरने शिवराज राक्षेला हरवून किताब मिळवला. लोक म्हणाले, बघा, शेवटी न्याय झाला. आम्हाला हे वाक्य खटकतं. पुढची कुस्ती जिंकणं हा मागच्या कुस्तीचा न्याय कसा होईल? ज्याचा गुडघा मधल्या काळात गेला असता त्याने काय करायचं होतं?

आपल्या माणसांना सांगायची गोष्ट अशी की हा रोग फक्त इथला नाही. 1988 ला सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा काळा बॉक्सर रॉय जोन्स अंतिम लढतीत उतरला, समोर यजमान देशाचा पार्क सी-हुन. जोन्सचे 86 ठोसे बसले, पार्कचे 32. निकाल 3-2 असा पार्कच्या बाजूने. त्याच स्पर्धेचा सर्वोत्तम शैलीचा बॉक्सर म्हणून चषक मात्र जोन्सला दिला! बोंब झाली तेव्हा 1992 पासून यंत्र आणलं. पाच जजांनी बटणं दाबायची, तिघांनी एका सेकंदाच्या आत दाबलं तर गुण धरायचा. लोकांना वाटलं की आता यंत्र आलं, भेदभाव गेला. यंत्राला जात नसते खरी, पण बटणावरचं बोट माणसाचंच असतं. 2016 ला रिओमध्ये पाच जजांपैकी तिघांचेच गुण संगणक निवडायचा. मायकेल कॉन्लन आणि वासिली लेविट यांच्या लढतींच्या निकालांवर इतका गदारोळ झाला की काही जजांना स्पर्धेतून घरी पाठवलं आणि पुढे तिथले 36 पंच-जज बाजूला केले गेले. 2021 मध्ये मॅक्लेरन यांच्या चौकशी अहवालाने सांगितलं की निकाल फिरवण्याची पद्धतशीर व्यवस्थाच उभी होती. ती जागतिक संघटना अखेर ऑलिंपिकच्या बाहेर गेली, 2023 मध्ये तिची मान्यताच काढून घेतली. पण कॉन्लनचं ते पदक परत आलं नाही.

आणि आपल्या देशाची सरिता देवी. 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत उपांत्य लढत ती कोरियाच्या पार्क जी-नाविरुद्ध हरली. पाहणाऱ्या बहुतेकांच्या मते ती जिंकली होती. तक्रार दाखल करायला 500 डॉलर भरावे लागत होते, ते घरच्या माणसांनी तिथे उसनवारी करून भरले. तक्रार फेटाळली. पदक देताना तिने आपलं कांस्यपदक पार्कच्या गळ्यात घातलं. तिच्यावर एक वर्षाची बंदी आली. शिक्षा खेळाडूला झाली. अहिल्यानगरलाही बंदीचा पहिला कागद खेळाडूच्याच हातात पडला.

इथे थोडं स्वतःकडेही पाहायला हवं. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताच्या विकास कृष्णनला विजयी घोषित केलं होतं, समोर अमेरिकेचा काळा बॉक्सर एरोल स्पेन्स. अमेरिकेने अपील केलं, लढत पुन्हा पाहिली गेली, विकासचे फाऊल पंचाने दुर्लक्षिले होते असं ठरलं आणि निकाल फिरला. आपल्याकडे तेव्हा 'अन्याय' म्हणून ओरड झाली. आम्ही मात्र अभ्यासिकेत पोरांना ते प्रकरण उदाहरण म्हणून सांगतो. नियम उघडे असले, अपील ऐकलं गेलं, की कधी कधी निकाल आपल्याविरुद्धही जाईल. ते मान्य करायची तयारी असेल तरच ही मागणी आपल्या तोंडी शोभते.

आंबेडकरी माणसाने बॉक्सिंगच्या गुणांत का पडावं, असं काही मित्र विचारतात. आम्ही त्यांना महाडच्या खटल्याची आठवण देतो. चवदार तळं खुलं करायचा ठराव महाड नगरपालिकेने 1924 मध्येच केला होता. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब पाणी प्यायले, कारण तो ठराव कागदावरच पडून होता. हा भाग आपण दरवर्षी सांगतो. त्यानंतरचा भाग कमी सांगितला जातो. सनातन्यांनी दिवाणी दावा लावला, डिसेंबर 1927 मध्ये तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी त्या मनाई हुकमाचा मान राखला आणि दहा वर्षं तो दावा लढला. महाडचं न्यायालय, मग आपल्या ठाण्याचं न्यायालय, मग मुंबई उच्च न्यायालय. 17 मार्च 1937 ला उच्च न्यायालयाने सनातन्यांचं अपील फेटाळलं. तळ्यावर अस्पृश्यांना बंदी घालणारी रूढी अनादी काळापासून आहे, हे त्यांना पुराव्याने सिद्ध करता आलं नाही. प्रत्येक टप्प्यावर न्यायाधीशाला लिहावं लागलं की मी हे कशावरून ठरवतो. लिहिलेलं होतं म्हणून वरच्याला ते तपासता आलं. न्यायाधीश मनाने किती चांगला होता यावर बाबासाहेब विसंबले नाहीत.

खेळाच्या मैदानातही आपल्या आधी हे भोगलेली माणसं आहेत. चांभार समाजात जन्मलेले पळवणकर बाळू त्यांच्या काळातले मोठे गोलंदाज, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी दिलं गेलं नाही. का दिलं नाही याची कारणं निवड समितीने कधी लिहून दिली नाहीत. द्यायची गरजच नव्हती. 1920 मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम निषेध म्हणून संघातून बाहेर पडले, जाहीरपणे. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. आमच्या मते तो बदल कुणाच्या हृदयपरिवर्तनाने झालेला नाही.

आजही जिथे बंद खोलीत गुण दिले जातात, तिथे आपली पोरं अडतात. एम्समधल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या तक्रारींवर सुखदेव थोरात समितीने 2007 मध्ये अहवाल दिला, त्यात तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेतल्या वागणुकीच्या तक्रारी ठळकपणे आल्या. लेखी पेपरच्या बाबतीत आता निदान एक शस्त्र हातात आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि विद्यार्थ्याला ती माहिती अधिकारात पाहता येते. मग बॉक्सरची उत्तरपत्रिका कुठे आहे? त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटलं की परीक्षकाचं नाव उघड करायची गरज नाही, त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. आम्हाला हे मान्य आहे. पुण्यात पंचाला धमकी दिल्याची तक्रार झाली, अहिल्यानगरला पंचाला लाथ बसली, तेव्हा जजांची भीती खोटी नाही. मग नाव झाका. जज क्रमांक 1, 2, 3 असं लिहा. पण आकडे फेरीगणिक फलकावर लावा, सही केलेली मूळ प्रत सांभाळून ठेवा, आणि तोच क्रमांक वारंवार एकाच क्लबच्या बाजूने झुकतो का, हे वर्षाअखेरीला कुणीतरी तपासा. जजचं आणि खेळाडूच्या क्लबचं नातं असेल तर त्या लढतीतून त्याला उठवा. याला करोडो रुपये लागत नाहीत. एक फळा आणि खडू लागतो.

आम्ही काय केलं ते सांगतो. पोरीच्या आईने अंगठा न लावता सही केली, ती हल्लीच शिकली आहे, आणि दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज दिला. मागितलं एवढंच: त्या वजनगटातल्या सर्व लढतींची फेरीनिहाय गुणपत्रकं, जज नेमण्याची पद्धत आणि निकालावर दाद मागण्याची तरतूद असल्यास तिची प्रत. कायद्याच्या कलम 4(1)(घ) चा उल्लेख मुद्दाम केला. निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला सांगणं हे सार्वजनिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, असं ते कलम म्हणतं. उत्तर आलं: सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही, स्पर्धा संघटनेने घेतली. संघटनेला विचारलं तर ती म्हणते आम्ही खाजगी संस्था. मैदान सरकारचं, त्यांच्या प्रमाणपत्रावर मिळणारी नोकरी सरकारची, आणि गुणपत्रक तेवढं खाजगी! 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने सरकारी अनुदान घेणाऱ्या क्रीडा संस्थांना माहिती अधिकाराखाली आणलं आहे. तो धागा धरून कलम 19(1) खाली पहिलं अपील दाखल केलं आहे. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही.

दरम्यान आमच्या पोरांनी एक वही केली आहे. प्रत्येक लढत दोन मोबाईलवर, दोन बाजूंनी चित्रित करायची. तीन जणांनी वेगवेगळं बसून, एकमेकांशी न बोलता, 10-9 चे गुण द्यायचे आणि मग ताडून पाहायचं. पहिल्याच दिवशी कळलं की हे काम सोपं नाही. आपल्याच पोराच्या लढतीत तिघांचे तीन आकडे आले आणि चांगलंच भांडण झालं. ते आकडेही वहीत तसेच ठेवलेत, खोडलेले नाहीत.

कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, शहापूर, भिवंडी इथल्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. तुमच्या वस्तीतलं कुणी बॉक्सिंग, कुस्ती, तायक्वांदो, ज्युदो, कुठल्याही पंचांच्या गुणांवर चालणाऱ्या खेळात उतरत असेल तर तारीख, वजनगट, जजांची संख्या, गुणपत्रक दाखवलं की नाही, मागितल्यावर काय उत्तर मिळालं, एवढं लिहून ठेवा. जिंकलेल्या लढतींचंही ठेवा. माहिती अधिकाराच्या अर्जाचा आमचा नमुना हवा असेल तर देऊ. त्यात फक्त नाव, पत्ता आणि स्पर्धेचा तपशील बदलायचा आहे.

जय भीम.